दोन वाजताचा थेंब

लातूर,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. पुनम हिस अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब मोजतो आणि तू सांगितल्याप्रमाणे कॅलेंडरवर लिहून ठेवतो. शेजारच्या वीरण्णांनी सीताफळे पाठवली होती; एकट्याने संपत नाहीत म्हणून अर्धी परत केली, तर ते रागावले. कॉलेजातून वादविवाद स्पर्धेच्या परीक्षकपदाचे निमंत्रण होते. नाकारले. दुसऱ्याच्या युक्तिवादाला गुण देण्याच्या मनःस्थितीत मी सध्या नाही.

तुझे पत्र मागच्या बुधवारी मिळाले. रोज फोनवर बोलणारी मुलगी पत्र लिहिते, तेव्हा प्रश्न साधा नसतो. आत एकच ओळ होती: "अप्पा, उत्तरपक्ष लिहिला होता का?" उत्तराला सहा दिवस लागले. ते विचार करण्यात गेले नाहीत. उत्तर मला ठाऊक होते.

क्रमाने मांडतो.

चार वर्षांपूर्वी सुदर्शनरावांना जाऊन आठ महिने झाले होते आणि तू अर्धापुरात सासूबाईंजवळ राहत होतीस. तू मला विचारलेस, की नवरा गेल्यावर त्याच्या आईप्रती सुनेचे काही कर्तव्य उरते, की उरते ती फक्त माया? आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे. जेवताना आईशी वाद झाला तरी आधी आईची बाजू तिचे समाधान होईपर्यंत मांडायची, मगच स्वतःची. त्याच नियमाने मी दोन पत्रे योजली. पहिल्यात पूर्वपक्ष, म्हणजे जे मत मला खोडायचे होते ते, पूर्ण ताकदीने मांडले: कर्तव्य नात्यातून जन्मते, हे नाते सुदर्शनरावांमुळे होते, ते गेले, म्हणून कर्तव्य संपले. दुसऱ्या पत्रात उत्तरपक्ष, म्हणजे त्याचे खंडन, होते. पहिले पत्र टपालात टाकले. त्याखाली 'अपूर्ण' असे लिहिण्याची मला गरज वाटली नाही.

सहाव्या दिवशी तुझा फोन आला. पटले म्हणालीस, लातूरला येते म्हणालीस. ते सहा दिवस तू दुसऱ्या पत्राची वाट पाहत होतीस, हे आज मला स्पष्ट दिसते.

त्या आठवड्यात मला ताप होता, असे मी स्वतःला सांगत आलो. ताप होता, हे खरे. दोन दिवस. दुसरे पत्र ताप येण्यापूर्वीच लिहून, पाकिटात घालून, तिकीट लावून टेबलाच्या खणात ठेवलेले होते, हेही खरे. तुझा फोन ठेवला आणि मी तो खण बंद केला. तुझी आई जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. घरात पुन्हा दोन ताटे वाढली जाणार होती. याहून मोठे कारण मला सापडत नाही, आणि मी शोधलेही नाही.

तू आल्यावर विहीणबाईंच्या डोळ्यांत वेळेवर थेंब टाकायला कोणी राहिले नाही. काचबिंदूने डावा डोळा गेला. जूनमध्ये नांदेडच्या लॅबमध्ये नोकरी धरून तू पुन्हा अर्धापुरात राहायला गेलीस, तेव्हा हे मला सांगितलेस, आणि सगळा दोष स्वतःकडे घेतलास. मी तेव्हाही गप्प राहिलो. पहिल्या गप्प राहण्यापेक्षा हे दुसरे अधिक गंभीर आहे.

काल सोमवारी मी अर्धापूरला गेलो. तू कामावर असशील अशी वेळ मुद्दाम निवडली. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासमोर आधी एकट्याने उभे राहावे, असे मला वाटले. विहीणबाई ओसरीवर मिरच्यांची देठे चाचपून खुडत होत्या. मी दोन्ही पत्रांची हकीकत सांगितली. त्यांचे हात थांबले नाहीत.

"ते पत्र पुनमनं मला वाचून दाखविलं व्हतं, इवाई. म्या तवाच वळखलं, हे अर्धंच हाय."

मग तिला तसे का सांगितले नाहीत, असे मी विचारले.

"सांगितलं असतं तर ती ऱ्हायली असती. तिशीतलं लेकरू. माझ्या डोळ्यापायी तिनं घरात बसावं व्हय?"

पुनम, मी जे स्वतःसाठी दडवले, तेच त्यांनी तुझ्यासाठी दडवले होते. डोळ्याबद्दल म्हणाल्या, की थेंब माझे मलाच टाकायचे होते, मी आळस केला. हा युक्तिवाद उदार आहे पण अपुरा आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यावर त्या पुष्कळ हसल्या.

दोनला मोबाइलचा गजर वाजला. दुपारचा थेंब टाकणाऱ्या त्यांच्या जाऊबाई केळीच्या बागेत गेल्या होत्या. विहीणबाईंनी बाटली माझ्या हातात दिली आणि मान मागे टाकली. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा भुवईवर.

"चाळीस वर्सं कॉलेजात शिकविलं म्हनं, अन् येक थेंब डोळ्यात पडंना."

तिसरा पडला. डोळा मिटूनच त्या म्हणाल्या, "दुपारचा थेंब तुमच्याकडं. पोर नांदेडात, जाऊ बागंत. रोज कुनाची वाट बघू?"

परतीच्या बसमध्ये मला गाढ झोप लागली. वाटेतले लोहा गाव कधी मागे पडले ते कळले नाही. प्रवासात मी कधी झोपत नाही, हे तू जाणतेस.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. होय, लिहिला होता. पाकीट सोबत आहे, न उघडलेले. त्यातला सिद्धांत असा, की नाते माणसाला फक्त आपल्या समोर आणते. कर्तव्य सुरू होते ते त्याचे आपल्यावाचून अडते हे कळल्यापासून, आणि एकदा कळले की ते न कळल्यासारखे करता येत नाही. माया त्याहून वेगळी नाही. तेच कळणे रोज टिकले, की त्याला आपण माया म्हणतो. विहीणबाईंनी काल त्यात मला न सुचलेली भर घातली: ज्याचे अडते, त्यालाही समोरच्याला मोकळे करता आले पाहिजे. मला ते आले नाही. जूनपासून रिकाम्या घरात मी ते उशिरा शिकतो आहे.

एक डिसेंबरपासून अर्धापुरात एक खोली घ्यावी, असा विचार आहे. तुमच्या घरात नाही, जवळपास; दोन वाजता चालत पोहोचता येईल एवढ्या अंतरावर. मात्र तुझ्या संमतीशिवाय येणार नाही. विहीणबाईंनी मला क्षमा केली, ती तुझ्या वतीनेही केली असे मी धरत नाही.

उत्तर लिहिताना माझी बाजू आधी मांडू नकोस. तो नियम या एका पत्राला लागू नाही. तुझीच मांड, आणि पूर्ण मांड.

या खेपेस वाट पाहण्याची पाळी ज्याची आहे, तो

तुझा अप्पा