निखाऱ्यांवरची राख

खुजंद, १९ फेब्रुवारी

पोरी मावजुदा,

सासूचा सलाम आणि मनापासून दुवा. तुझ्या माहेरी सगळे खुशाल ना? आईचे गुडघे कसे आहेत?

माझं बरं चाललंय. मांडीची कातडी काढून उजव्या पायावर लावली, ती धरली म्हणे. सत्तरीत कातडी धरली याचंच डॉक्टरांना कौतुक! जखम भरावी म्हणून रोज चार अंडी खायला घालतात. आता मीच एक दिवस खुडूक बसेन. पट्टी बदलताना मी बोंब ठोकते, तर नर्स लोला म्हणते, "ओरडा आजी, पण पाय मागे घेऊ नका." काल तिनं काठी देऊन खिडकीपर्यंत चालवलं. सहा पावलं. मला रडू आलं, तिलाही.

खुर्शेद रोज स्वतः सूप करून आणतो. मीठ विसरतो. तुझं नाव काढत नाही. परवा मीच काढलं, तर म्हणाला, "तिनं निखारे नीट झाकले असते तर तुला हे भोगावं लागलं असतं का?" मी मुकाट सूप प्याले.

पोरी, पुढचं लिहायला मला तीन दिवस लागले.

त्या दुपारी संदलीच्या बुटक्या मेजाखालच्या खड्ड्यात निखारे घालून तू वर चांगली बोटभर राख पसरलीस. मी पाहत होते. तू अंगणात गेलीस आणि मला थंडी वाजली. मी चिमट्यानं राख बाजूला सारली, पाय खाली सोडले, रजई ओढली आणि डुलकी लागली. साखरेच्या आजारानं पाय बधिर. उजवा निखाऱ्यात गेला ते कळलंच नाही. तू धावत येऊन मला ओढलंस, म्हणून आज लिहिते आहे.

इस्पितळात नेताना गाडीत खुर्शेद तुझ्यावर ओरडत होता आणि तू रडत "माझंच चुकलं" म्हणत होतीस. मी शुद्धीवर होते गं. सगळ्या गल्लीला "राख हलवू नका" म्हणून दटावणारी मी. मला लाज वाटली. तेवढ्यासाठी तुला माहेरी धाडू दिलं.

आज सकाळी त्याला सगळं सांगितलं. त्यानं सुपाचा डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, आता मी कुठल्या तोंडानं तिच्याकडे जाऊ?"

म्हटलं, "माझं पत्र घेऊन जा."

म्हणजे तो आत्ता तुझ्या दारात उभा असेल. परत यायचं की नाही, ते तू ठरव. मी एका शब्दानं बोलणार नाही. त्याला चहा मात्र पाज, थंडीतून आलाय.

जिला तू आगीतून ओढलंस आणि जिनं तुला आगीत लोटलं,
ती तुझी सासू,
सालोमत