पाहणीत आढळलेली स्त्री

हाटकेश, मीरा रोड
१० ऑगस्ट २०२५

ती. मुक्ताअक्कास,
उत्तमचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. काशीमीऱ्याच्या गोदामात पाळी दिवसाचीच आहे.

आमच्या चाळीतल्या बेचाळीस घरांना यंदा घरपट्टी दुकानाच्या दराने लागली. कुणाकडे पापड लाटतात, कुणाकडे शिकवणी चालते, असं लिहून आकारणी समितीने घरांची दुकानं केली. आमचे शेजारी व्हिन्सेंट अंकल मूळचे उत्तनचे, ते गप्प बसणाऱ्यातले नाहीत. आपल्या दारात कोण आला होता ते तरी कळू दे म्हणाले, आणि माहिती अधिकारात सगळ्यांचे पाहणी अहवाल काढले.

माझ्या कागदावर आहे: १८ डिसेंबर २०२४, दुपारी तीन. पुढच्या खोलीत शिवणयंत्र चालू. एक स्त्री काम करताना आढळली. नाव विचारले असता रश्मी, घरमालकाची पत्नी, असे सांगितले.

अक्का, रश्मीला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. मी गोदामात होतो. घराची किल्ली माझ्या खिशात होती.

चाळीतले म्हणतात, यापेक्षा मोठा पुरावा नाही. मृत्यूचा दाखला जोड आणि त्या दिवशी घरात कोणी नव्हतं असं लिहून दे, म्हणजे सगळेच अहवाल तपासावे लागतील. मी अजून दिलेलं नाही. संध्याकाळी वंदना झाली की तो कागद काढून बसतो. ती गेल्यानंतर एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलंय की ती दिसली, बोलली. हल्ली कुलूप उघडण्याआधी मी दाराशी जरा थांबतो. हसू नकोस.

उत्तराची वाट बघतोय. तब्येतीला जप, माझी आठवण काढत जा.
तुझा उत्तम


जवळगाव
२२ ऑगस्ट २०२५

चि. उत्तमास,
मुक्ताअक्काच्या अनेक मंगलकामना.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच. गुरुजींच्या छड्या फुकट गेल्या म्हणायच्या. पण हसले नाही. तीनदा वाचलं.

रश्मीच्या पुण्यानुमोदनाला आले तेव्हा मशीनच्या सुईखाली अर्धा ब्लाउज तसाच होता. मी काढायला गेले, तर तू माझा हात धरलास. तेव्हा बोलले नाही. अजून तिथेच आहे ना तो?

चाळीतल्या बायकांचे ब्लाउज ती रात्रीचा दिवस करून शिवायची. आता तिच्या नावाने लिहिलेला खोटा कागद तूच लपवून ठेवणार, आणि त्या बायका दुकानाची पट्टी भरणार? तिला हे पटलं असतं का, ते तूच सांग. दाखला दे. देताना एकटा जाऊ नकोस. मला तिची भीती वाटत नाही, तू दाराशी थांबतोस त्याची वाटते.

ज्वारी पाठवते आहे. नीट निवडून दळ. माझा जीव तुझ्याकडे लागलाय, एवढं ध्यानात ठेव.
तुझी अक्का


हाटकेश, मीरा रोड
५ नोव्हेंबर २०२५

ती. मुक्ताअक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

ज्वारी पोचली. दाखलाही दिला.

सुनावणीला चाळीतली पन्नासेक माणसं होती. समितीच्या अध्यक्षबाईंनी माझा अहवाल मोठ्याने वाचला, मग दाखला वाचला, आणि पाहणी करणाऱ्या दत्तारामांना पुढे बोलावलं. व्हिन्सेंट अंकलनी पाच वर्षांपूर्वीचे अहवालही मिळवले होते. ते शेजारी ठेवले. शब्द न् शब्द तेच, तारीख तेवढी नवी. तेव्हा घरगुती शिलाई म्हणून सोडून दिलं होतं, आता त्याच ओळींवरून दुकान ठरवलं. दत्ताराम मान खाली घालून म्हणाले की ते गल्लीत आलेच नव्हते, कार्यालयात बसून जुन्यावरून उतरवलं.

बेचाळीसही अहवाल रद्द झाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. व्हिन्सेंट अंकल माझ्या पाठीवर थापा मारत होते. मी दत्तारामांकडे बघत होतो. आलो होतो असं त्यांनी म्हणावं, असं मला वाटत होतं, अक्का. सगळी चाळ हरली असती तरी. त्याची लाज वाटते म्हणून तुलाच लिहितोय.

बाहेर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, पाच वर्षांपूर्वी तरी आला होता का. आलो होतो म्हणाले. बाईंनी पाणी दिलं होतं, चेहरा आठवत नाही.

परवा नव्याने पाहणी झाली. एक तरुण मुलगी आली होती. टेप धरून तिने दोन्ही खोल्या मोजल्या. मग घरात माणसं किती, म्हणून विचारलं. मी मशीनकडे बघत होतो, तिने कागदावरून मान वर केली. तेव्हा मी एक म्हणालो. तिने लिहिलं. मी खाली सही केली.

दिवाळीत आलो नाही म्हणून रागावू नकोस, माया आहे तशी राहू दे.
तुझा धाकटा,
उत्तम