तेहतीस कोटींचा सूड

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळ
अंजूरहून परतलो. भाचीचा साखरपुडा झाला, माझी इज्जत गेली. साडू केसरीनाथ, गणिताचा मास्तर, पंगतीत शायनिंग मारत होता. ३१ ला कशानेच भाग जात नाही, ३३१ ला नाही, ३३३१ लाही नाही. पुढे एकेक तीन लावत आठ आकड्यांपर्यंत गेला, सगळ्या मूळ संख्या. मग विचारतो, अजून एक तीन लावला तर? मी जिलबी गिळून म्हटलं, अर्थात मूळच! म्हणाला, सुधीरराव, सिद्ध करा, हे गोदामातले खोके मोजणं नाही. पंगत हसली. ओवीसुद्धा. पोटची पोर!

५ जानेवारी
३३,३३,३३,३३१. तेहतीस कोटी देव माझ्या बाजूने आहेत. १ फेब्रुवारीला केसरीनाथची पन्नाशी, तिथेच नाक कापणार. तोवर चहात साखर बंद.

६ जानेवारी
साखर चालू. मेंदूला लागते.

८ जानेवारी
१८,२५७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, बस्स. दोन हजारच्या वर आहेत. कम्प्युटर वापरणार नाही, नाहीतर मेला म्हणेल मशीनने केलं. वरून खाली येणार. खालून काय, कोणीही करतं.

१२ जानेवारी
पूर्णा गावातल्या आमच्या गोदामाच्या ऑफिसात लंच टाइममध्ये १८,२५७ ने भागलं. नाही गेला! १८,२५३ नाही! १८,२५१ नाही! केसऱ्या, भोग आता.

१९ जानेवारी
एकूण ६४ झाल्या. आकड्याचा स्वभाव कळला, हा कोणाला दाद देणारा नाही. मधल्या सोडल्या.

२२ जानेवारी
खालच्याही उरकल्या. तीन, सात, अकरा, तेरा: बाकी उरतेच. बायको माधवी म्हणाली, ओवीचा सतराचा पाढा घ्या. म्हटलं, संशोधन चालू आहे. खरं म्हणजे सोळानंतर मी थेट अठरावर जातो. लहानपणापासून. कुठे काही अडलं नाही.

२७ जानेवारी
फ्लेक्स छापायला दिला. दहा बाय सहा. वर आकडा, खाली 'ही मूळच! सिद्धकर्ते: सुधीरराव', कोपऱ्यात माझा गॉगलवाला फोटो. केसरीनाथ पाया पडेल. मी उचलून मिठी मारणार नाही. पडू दे.

१ फेब्रुवारी, रविवार. दुपार
हॉलच्या दारातच फ्लेक्स लावला. केसरीनाथने शांतपणे वाचला. चिडला नाही. त्याने ओवीला हाक मारली, हातात स्केचपेन दिलं, म्हणाला, बाळा, सतराने भाग दे बघू. पोरीने माझ्या फोटोशेजारी भागाकार मांडला, मोठ्याने पाढा म्हणत. १,९६,०७,८४३. बाकी शून्य.
हॉलभर टाळ्या. लाजेने मेल्यासारखं झालं. ओवी माझ्याकडे बघत होती, म्हणून मीही वाजवल्या.

२ फेब्रुवारी
सकाळी केसरीनाथचा फोन. फ्लेक्स ठेवून घेऊ का, म्हणाला, जाड आहे, पावसाळ्यात गोठ्यावर टाकायला होईल. हो म्हटलं.
संध्याकाळी ओवी माझा पाढा घ्यायला बसली. सतरा सातेवर अडकलो. तिने अंगठे धरायला लावले. वाकल्या-वाकल्या सुचलं: केसऱ्याला सत्तावीसचा येतो का, भर पंगतीत विचारलं पाहिजे.
आधी आपला सतराचा होऊ दे.