आईच्या खाटेखाली पाय

४ मार्च
कंबर गेली! सकाळी आईला उठवताना कट्‌कन आवाज झाला आणि मी तिच्याच अंगावर. तीच मला थोपटत बसली.

खुब्याच्या ऑपरेशनपासून तिचं असं झालंय – उभी केली की वॉकर धरून घरभर फिरते, पण आडवी झाली की स्वतःची स्वतः उठून बसता येत नाही. रोज मीच उठवतो.

५ मार्च
आईला व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांनी आज मलाच आडवं केलं. पोटात बोट खुपसलं. "इथे काही नाहीच. सगळा भार कंबरेवर. पोट घट्ट होत नाही तोवर आईंना उचलायचं नाही."

काही नाही कसं? मी शिंपी माणूस. कापड बेतायला वाकलो की माझ्याआधी पोट टेबलाला टेकतं.

तोवर शाळेत शिकवायला जाण्याआधी ही आईला उठवणार. हिचेही खांदे किती दिवस पुरणार? ताईचा फोन आलाच – "आईला माझ्याकडे पाठव. इथे मदतीला बाई आहे." ताई राहते दोन दिवसांच्या प्रवासावर. एकदा आई गेली की गेली. मी म्हटलं, बघू.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "मी अशी कुठे जात नाही." जिवात जीव आला. तिलाही इथेच राहायचंय तर! ठरलं. पोटासाठी एखादं यंत्र आणायचं.

८ मार्च
दुकानात गेलो. आधी कमरेला बांधायचा थरथरता पट्टा दाखवला. बसल्या बसल्या पोट उतरतं म्हणे. दुकानदाराने स्वतःच बांधून दाखवला. त्याचं पोट माझ्याहून मोठं, त्यामुळे विश्वास बसेना.

मग घडीचा बाक. पाय अडकवायला दांडी, दणकट काम. मनात भरला! घरी येऊन टेप लावली तर कापायचं टेबल आणि आईची खाट यांच्यामधे तो उघडला की तिच्या वॉकरला वाटच उरत नाही. बाद. शेवटी परत जाऊन चाक आणलं. मधे चाक, दोन्हीकडे मुठी. गुडघ्यांवर बसायचं, पुढे ढकलायचं, परत यायचं.

९ मार्च
पुढे गेलो. परत आलो नाही. नाक सुजलंय. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

१२ मार्च
शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, रबरी पट्टा घे, पायात अडकवून ओढायचा. इलास्टिक मी विकत आणू? लोक ऐकतील तर काय म्हणतील! रुंद इलास्टिकच्या पट्ट्या एकावर एक शिवल्या, टोकांना मुठी केल्या. हत्ती बांधला तरी उसवणार नाही. पण पोटाला पत्ताच नाही, नुसते दंड दुखले. आईच्या खाटेच्या दांडीला टांगून टाकला.

१५ मार्च
बाई वैतागल्या. "अहो, पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पाय कशात तरी अडकवा आणि उठून बसा. यंत्र कशाला?"

अडकवायचे कशात? कपाटाखाली फट नाही. शिलाई मशीनखाली घातले तर मशीनच पुढे सरकलं. हे सगळं बघून आई म्हणाली, "माझ्या खाटेखाली घाल." पोकळ नळ्यांची खाट, एका हाताने उचलावी अशी. पण वर आई! पाय घातले, जोर केला आणि उठलो. खरंच उठलो. आईचा चेहरा समोर. "बस एवढंच? अजून एक काढ," म्हणाली.

सापडलं यंत्र.

२४ मार्च
आता रोजचं झालंय. मी खाली, आई वर. उठलो की तिचा चेहरा दिसतो, आडवा झालो की छत. ती गिऱ्हाइकांची चौकशी करते. "वकीलबाईंचा कोट झाला का?" उत्तर उठून बसल्यावरच देता येतं, तोवर ती वाट बघते. इतक्या गप्पा आम्ही कित्येक वर्षांत मारल्या नव्हत्या. ही म्हणते, तुमचं पोट जाईल तेव्हा जाईल, पण चिडचिड मात्र गेली. मजेत आहे मी, खोटं कशाला लिहू.

२ एप्रिल
टेबलावर वाकलो, कात्री आधी पोचली!

बाईंनी पुन्हा बोट खुपसलं. "आता आहे काहीतरी. पुढच्या आठवड्यापासून आईंना उचला." लगेच ताईला फोन केला – आई इथेच राहील. ताईने 'बरं' म्हणून फोन ठेवला. आई आज कमी जेवली. उकडत असेल.

९ एप्रिल
बाह्या सरसावून आईकडे गेलो. ती उठून बसलेली! पाय खाली सोडलेले, केस विंचरलेले. मी शिवलेला पट्टा खाटेच्या पायथ्याला बांधलेला. तो धरून, ओढून, आपली आपण उठली.

"तू सामान आणायला बाहेर पडलास की करत होते. तुझं बघूनच शिकले."

मला रडूच आलं. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "आता ताईकडे जाऊन येते. तिचं घर मी अजून पाहिलंच नाही रे. तिच्या दारात गाठोडं होऊन जायचं नव्हतं मला."

महिनाभर मी जोर काढत होतो तो तिला इथे ठेवायला. ती काढत होती तो जायला. राग नाही आला, पण लागलं थोडं. संध्याकाळी तिच्या प्रवासाच्या कपड्यांना आतून खिसे लावले. पट्टा तिने आठवणीने पिशवीत भरून घेतला.

२० एप्रिल
आई काल गेली. सकाळी सवयीने खाटेखाली पाय घातले आणि उठायला गेलो. खाटच वर आली.