दोघांची सायकल आणि उन्हाळ्याचा बेत

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. इकडे सगळे धडधाकट आहोत. तुमची कंबर आता काय म्हणते? मी पाठवलेली गरम पाण्याची पिशवी वापरता आहात, की तीही पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवली आहे? भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा करते. (थांबला नसेल तर निदान तो सकाळी जरा उशिरा सुरू व्हावा, एवढं तरी.) फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मधे बोलता, वन्सं. राग नसावा. ही हकीकत मला सलग सांगायची आहे, कारण तिच्यातला कोणताही तुकडा तोडला तर माझी कर्तबगारी कमी होते.

यंदाच्या उन्हाळ्यात आठवडाभर सहलीला जायचं आणि तीन गोष्टी करायच्या असा बेत मी केला आहे: डोंगर चढायचे, सायकली चालवायच्या आणि वाटेत जुन्या वस्तूंची दुकानं धुंडाळायची. डोंगर तुमच्या बंधूंची हौस, जुन्या वस्तू माझी, आणि सायकल बाबांच्या गुडघ्यासाठी, कारण ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सायकल चालवा असं बजावलं होतं. आता बाबा म्हणजे कसे, ते तुम्ही जाणताच. निवृत्त होऊन बसचं स्टिअरिंग सुटलं तसं त्यांनी जगच सोडलं. खिडकीपर्यंत जायचे, रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघून मान हलवायचे आणि परत येऊन खुर्चीत बसायचे. तुम्हीच मला म्हणाला होतात, की बाबांच्या नादी लागू नकोस, ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. ते वाक्य मी विसरले नाही. (दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या घडवणाऱ्या बाईची चिकाटी काय असते, हे तोंडात सगळे दात शाबूत असणाऱ्यांना कळत नाही.)

तुमच्या बंधूंनी बेत ताबडतोब कागदावर उतरवला. पाणीपुरवठा खात्यातला माणूस, त्यामुळे सहलीचा नकाशाही पाइपलाइनसारखा झाला, आणि जिथे चहा प्यायचा तिथे व्हॉल्व्हची खूण आली. मग त्यांनी डोंगरात घालायचे बूट आणले आणि ते पायात बसावेत म्हणून आठवडाभर घरातच घालून फिरले. खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई दोनदा वर येऊन गेल्या. पहिल्यांदा त्यांनी चौकशी केली, दुसऱ्यांदा नुसतं बघितलं.

मी ठरवलं, आधी एक रंगीत तालीम करायची. पण बाबांना बाहेर काढायचं कसं? विनवण्या करून झाल्या, डॉक्टरांचा धाक दाखवून झाला. शेवटी मी सहज बोलल्यासारखं सांगितलं, की रविवारी आम्ही भाड्याची मोटार घेऊन डोंगराच्या पायथ्याला जातोय आणि ती हे चालवणार आहेत. बाबांनी पेपर खाली ठेवला. घाटातून? हो, घाटातून. तुमच्या बंधूंचं गाडी चालवणं बाबांना ऐकवतसुद्धा नाही; हा गिअर बदलतो की भांडी घासतो, असं ते म्हणतात. रविवारी सकाळी आम्ही खाली उतरलो तर बाबा गाडीत पुढच्या सीटवर बसलेले, पट्टा लावून. उंबरा ओलांडला, वन्सं. मनातल्या मनात मी तुम्हाला तेव्हाच हे पत्र लिहायला घेतलं.

घाटभर बाबांनी स्वतःच्या बाजूला नसलेला ब्रेक पायाने दाबला. पायथ्याशी पोचल्यावर बूटवाले गृहस्थ शे-दोनशे पावलं चालले आणि दगडावर बसले. दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. काठी, शिट्टी, पाठीवरची पिशवी, पाण्याची नळी, सगळं होतं. टाचा तेवढ्या नव्हत्या. ते गाडीत जाऊन पडले. मला वाटलं, आटोपला कारभार. पण बाबा म्हणाले, आलोच आहोत तर त्या वळणापलीकडे काय आहे ते बघू. (खरं म्हणजे परतीच्या घाटाची वेळ त्यांना लांबवायची होती.) डोंगराच्या कुशीतून जाणारी पायवाट होती, चढ असा नव्हताच. प्रत्येक दगडावर बसत, प्रत्येक झाडाला टेकत, एका वळणापलीकडे दुसरं वळण बघत आम्ही दोघं डोंगराच्या दुसऱ्या बाजूच्या गावात उतरलो.

तिथे माझं भाग्य उभं होतं. जुन्या छापखान्याच्या इमारतीत जुन्या वस्तूंचं दुकान. आत आरसे, पितळी नळ, तिजोऱ्यांची दारं, आणि एका खुर्चीवर मालकीणबाई, मांडीवर मांजर. मांजर ज्या वस्तूवर बसे ती विकायची नाही, असा त्यांचा नियम. मी दरवाजांच्या मुठी चाचपत होते (दोन चिनी मातीच्या म्हणून ठेवलेल्या होत्या, त्या प्लास्टिकच्या निघाल्या, दातांच्या बाबतीत मला असं कुणी फसवू शकत नाही), तेवढ्यात बाबा छताकडे बघत उभे राहिलेले दिसले. वर झुंबरांच्या मधे एक लांबलचक सायकल टांगली होती. दोन सीट, दोन हँडलं, दोन जोड्या पायडलं. बाबांनी विचारलं, खाली काढता येईल का? त्यांनी स्वतःहून काही मागितलं, त्याला किती दिवस लोटले होते कोण जाणे.

तोवर त्यांचा गुडघा आखडला होता. पायवाटेने परत जाणं शक्य नव्हतं, आणि तुमच्या बंधूंचा फोन वाजून वाजून थकत होता. डोंगराला वळसा घालून येणारा डांबरी रस्ता मात्र होता. मांजर सायकलीपासून लांब होतं. मी व्यवहार उरकला.

बाबा अर्थातच पुढे बसले. पण पुढच्याला थांबताना पाय टेकून अख्खी सायकल पेलावी लागते, आणि गुडघा ते करीना. दोनदा प्रयत्न केला. मग ते उतरून हँडल धरून उभे राहिले. उभ्या आयुष्यात हा माणूस मागच्या सीटवर बसलेला नाही, वन्सं. लग्नाच्या वरातीतसुद्धा ते ड्रायव्हरला रस्ता दाखवत होते, असं सासूबाई सांगायच्या.

“तू कधी चालवली होतीस?” त्यांनी विचारलं.

“शाळेत.”

“पडायचीस?”

“रोज.”

“मग चालेल. न पडलेल्याच्या मागे मी बसलो नसतो.”

ते मागे बसले, घंटी दोनदा वाजवली आणि म्हणाले, “चला, डबल. आज मी कंडक्टर.”

पुढचं मी नम्रपणे लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. मी उत्तम चालवली. पहिल्या चढावर पाय भरून आले तरी मी हूं की चूं केलं नाही. मग उतार लागला. तिथे माझ्या लक्षात आलं, की माझ्या हँडलावरचा ब्रेक नुसता शोभेचा आहे. दाबला की करकरतो, लागत नाही. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. मी बाबांना कळूसुद्धा दिलं नाही. नुसत्या अंगाच्या तोलावर आणि मनाच्या निग्रहावर मी एकेक वळण काढत गेले, आणि सांगते, प्रत्येक वळणावर सायकल कशी शहाण्यासारखी हळू व्हायची. काही लोकांच्या हातातच असतं.

तुमचे बंधू गाडीबाहेर मोजे वाळवत उभे होते. आम्ही त्यांच्यासमोरून गेलो. थांबायचा माझा विचार होता, पण वेग असा होता, की थांबणं बरं दिसलं नसतं. ते अनवाणीच गाडीत शिरले आणि हॉर्न वाजवत मागे आले. बाबांनी म्हणे मागे न बघता हात बाहेर काढून त्यांना ओव्हरटेक करायची खूण केली. आणि ते हसत होते, वन्सं. मला दिसत नव्हतं, पण सायकल हलत होती.

आता बाबा रोज कोपऱ्यापर्यंत चालत जातात आणि परत आले की सायकलच्या टायरची हवा बघतात. सहलीत कुठला घाट टाळायचा यावर वाद घालतात. हे मी केलं, असं तुम्ही चारचौघांत सांगितलंत तर माझी हरकत नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुमची भावजय

ता. क. एक सांगायचं राहिलं. सहल रद्द झाली आहे. मोटारीतून आम्हाला बघितल्यापासून तुमच्या बंधूंनी नकाशा गुंडाळून ठेवला आहे. बाबांच्या जिवाशी खेळ नको, म्हणतात. जगात ते फक्त तुमचं ऐकतात. तेव्हा तुम्ही त्यांना खडसावा, आणि सहलीची कल्पना तुमचीच होती असं सांगा. श्रेय गेलं तरी चालेल, मला सहल हवी आहे.

ता. क. २. ब्रेकचं त्यांना बोलू नका. बाबांनाही नको, उगाच धसका घेतील.

ता. क. ३. चि. ताईस आशीर्वाद. पत्र टपालात टाकायला सूनबाईने माझ्याकडे दिलं. पाकीट उघडं होतं, म्हणून वाचलं. वळण ती चांगलं घेते, हे मी कुणाहीबद्दल सहज म्हणत नाही. मागच्या चाकाचा ब्रेक माझ्या हँडलावर होता आणि तो झकास लागतो. प्रत्येक वळणावर मीच दाबत होतो. तिला सांगू नकोस, तिचा हात बिचकेल. मोटारीपाशीही थांबवता आलं असतं. मी नाही थांबवलं. तुझ्या भावाला आजच फोन कर. – बाबा