आत्यासाठी गुळगुळीत तारा

१४ सप्टें., रवि.
सकाळी फिल्टर कापीचा टंबलर हातात देता देता आत्या म्हणाली, "विजयादशमीला वर्गातल्या मुली वाजवतील. शेवटीं मी एक मोहनम राग वाजवीन. मृदंगाचा माणूस लेकीकडे कोइंबतूरला गेला. तूं येतीस का, तें तुझं घेऊन?"
तें तुझं म्हणजे माझी बास गिटार. पंचवीस वर्षं या घरात आहे. बाबांची थोरली बहीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची, राजवाड्यामागच्या गल्लीत अर्ध्या तंजावूरला वीणा शिकवली तिने, पण माझ्या गिटारीबद्दल एवढं बोलली ते आजच.
हो म्हटलं. मग न्हाणीघरात जाऊन एकटीच हसले.

१५ सप्टें., सोम.
शाळेतून आल्यावर पहिला सराव. आत्याचा षड्ज तीन कट्टै, म्हणजे माझ्या भाषेत ई. वीणा लावून तिने सा छेडला आणि माझ्या अंगावर काटा आला. माझी सगळ्यात जाड तार, मोकळी, बोट न लावता, नेमका तोच स्वर. एका छपराखाली इतकी वर्षं दोघी वाजवतोय आणि हे कुणाच्या लक्षात नाही. मी तो सा खाली धरून ठेवला, ती वर गेली.
पाच मिनिटं स्वर्ग. मग आत्या थांबली.
"तें किर्र काय गे? आंत उंदीर आहे का?"
उंदीर नाही, माझं बोट. माझ्या तारांवर गोल तारेचे वेढे आहेत, वरून बोट सरकलं की किरकिरतात. शनिवारी स्टेलाच्या बँडबरोबर वाजवताना ड्रम्स असतात, कुणाला ऐकू येत नाही. वीणेशेजारी प्रत्येक किर्र म्हणजे पातेल्यावर सांडशी.
"सरि, बरं तर. तार बदल. नाहीं जमलं तर राहूं दे, मी एकटी वाजवतें."
रागाने नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

१७ सप्टें., बुध.
तिसऱ्या तासाला ९ वीला हिंदी व्याकरणातले संधी शिकवताना डोक्यात तारा.
गोल वेढ्यांच्या: खणखणीत, पण किर्र. चपट्या पट्टीच्या वेढ्यांच्या: गुळगुळीत, बोट सरकलं तरी गप्प, आवाज मात्र जाड आणि बुटका. काळं नायलॉन गुंडाळलेल्या: त्या स्टेलाच्या दिराकडे आहेत, संध्याकाळी जाऊन वाजवून आले. रबर ओढल्यासारखं वाटतं. नको.
त्रिचीच्या दुकानात फोन केला. "मॅडम, चपट्या कोण घेतं आतां?"
स्टेला आमच्या शाळेत फिजिक्स शिकवते, कीबोर्ड वाजवते. ती म्हणाली, चपट्या लावल्यास तर ५ ऑक्टोबरच्या लग्नाच्या रिसेप्शनला तू आहेस की नाहीस ते कळणार नाही. खरं आहे. गिटार एक, संसार दोन.

२० सप्टें., शनि.
मागवल्या. चपट्या. लांबी बरोबर, म्हणजे लाँग स्केल, आहे ना ते तीनदा तपासलं. पाचशे लोकांच्या रिसेप्शनला मी आहे की नाही कळलं नाही तर चालेल. आत्याला कळलं पाहिजे.

२४ सप्टें., बुध.
नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, कोलूच्या, पायऱ्या मांडून झाल्या. प्रसादाची हरभऱ्याची उसळ, सुंडल, खाऊन खाऊन पोट बिघडलं. तारा नाहीत. जुन्यांवरच सराव. किर्र नको म्हणून बोट सरकवत नाही, उचलून दुसरीकडे ठेवते. आत्या: "काय म्हणून बेडकीसारखी उडतीस?"

३० सप्टें., मंगळ.
मोबाइलवर आलं, पार्सल आज येणार. सुट्टीच आहे. शहाणपणा केला. चारही जुन्या तारा उतरवल्या, फ्रेट्स पुसले, आणि कचऱ्यात नीट मावाव्यात म्हणून पक्कडीने तारा मधोमध तोडल्या.
पार्सल आलं नाही. आता लिहून येतंय, उद्या.
उद्या सरस्वतीपूजा. एकदा वाद्यं पूजेत ठेवली की परवा सकाळपर्यंत हात लावायचा नाही. आत्याला सांगितलं नाही अजून. धीर नाही.

२ ऑक्टो., गुरु., सकाळ
कालचं आज लिहितेय, काल लिहा-वाचायची बंदी.
पाटावर आत्याच्या दोन वीणा, मुलींच्या तीन, माझी हिंदी व्याकरणाची पुस्तकं, आणि कडेला माझी गिटार, बोडकी. आत्याने खालपासून वरपर्यंत पाहिलं.
"अंगावर एक तार नाहीं. हें काय ध्यान गे?"
मी सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं तिने, मग गिटारीला चंदन लावलं, कुंकू लावलं, एक झेंडू जास्तच ठेवला. आरती चालू असताना दारात कुरियरवाला. मी खोकं घेऊन उभी, उघडायची सोय नाही. आत्याने ते माझ्या हातातून घेतलं, त्यालाही कुंकू लावलं आणि गिटारीच्या पोटाशी ठेवलं.
"सरस्वतीला काय, खोक्यांतलं चालतं."
दिवसभर मी त्या खोक्याकडे बघत बसले. वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाजवायचं नाही. शेवटी मुरुक्कू तळले.
आज सहाला पूजा उतरली. आठपर्यंत तारा चढवल्या. जाड आधी. खुंटीच्या पुढे दीड खुंट्यांच्या अंतराएवढी जास्त ठेवायची, आधी काटकोनात मोडायची, मगच कापायची. नाहीतर चपटी पट्टी उलगडत जाते आणि तार मरते. चारही नीट बसल्या. जाड तार छेडली. दाट, मऊ, भरलेला आवाज. अगदी हवा तोच. बोट सरकवून पाहिलं. काहीही किरकिरलं नाही.
खुशीत अंघोळीला गेले.
परत येते तर आत्या गिटार मांडीवर घेऊन बसलेली. वीणेजवळ तिची तेलाची वाटी असते, खोबरेल, वाजवण्याआधी बोटं बुडवायला. त्यातला कापसाचा बोळा तिने चारही तारांवरून फिरवला होता, वरून खालून, अगदी मायेने.
"नवी तार कापते गे हाताला. तेल लागतं तिला."
बोट ठेवलं की निसटतंय, बोट एकीकडे आणि स्वर तिसरीकडे. वीणेत तिची बोटं घसरायलाच हवीत. मला धरून राहायचंय. पण तिने माझी गिटार मांडीवर घेतली होती, मी काय बोलणार. "छान केलंस" म्हटलं, गिटार उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि कोलमच्या रांगोळीचं तांदळाचं पीठ चोळलं. पुसलं, परत चोळलं, परत पुसलं. तीन वेळा. साडीभर पीठ. जमतंय बहुतेक. पाचला कार्यक्रम.

३ ऑक्टो., शुक्र.
झालं.
हॉलमध्ये चाळीसेक माणसं, अर्धे मुलींचे आईबाप. मुलींचं चांगलं झालं. मग आत्या बसली, मी शेजारी स्टुलावर. मुख्य भागात जायच्या आत मला कळलं, माझी जाड तार उतरतेय. नव्या तारा ताणून बसेपर्यंत उतरतातच, दिवसभर ओढून ओढून घेतल्या तरी. आत्याच्याही कानाला लागलं. ती थांबली. कुणासाठी न थांबणारी बाई, कलेक्टरची बायको उशिरा आली तरी वर्ग सुरू करणारी, वीणेवर हात ठेवून शांत बसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "लावून घे. घाई नाहीं."
चाळीस माणसांसमोर मी खुंटी पिळली. मग ती गेली वर, आणि या वेळी मी तिच्या मागे सरकत जाऊ शकले, उड्या न मारता. इतका आनंद झाला की एक आवर्तन चुकले. समेवर कशीबशी आले. आत्याने भुवई उचलली, बस.
नंतर ताक प्याली, झोपायला गेली.  मला मात्र उठून नाचावंसं वाटत होतं.

६ ऑक्टो., सोम.
काल कुंभकोणमचं रिसेप्शन, चपट्या तारांवरच. स्टेला परतीच्या गाडीत पापनाशमजवळ म्हणाली, "कांबळं पांघरून वाजवत होतीस का गं?" मी म्हटलं हो. तिला हसू आलं. गोल तारांचा नवा संच कधी घेतेस, विचारलं. घेईन. बघू.
आत्याबरोबर रोज सराव होतोय आता. कुणी ठरवलं नाही. कापी झाली की ती वीणा लावते, मी गिटार.

११ ऑक्टो., शनि.
पापनाशमच्या एका संगीत सभेचा फोन. आत्याला फोनवरचं ऐकू कमी येतं, म्हणून ती स्पीकरवर बोलते, सगळ्या गल्लीला कळतं. डिसेंबरात तासभर वीणा. बाहेरगावचं बोलावणं तिला सहा वर्षांनी आलं. आत्याचा चेहरा असा उजळला की मी हातातलं काम सोडून उभी राहिले.
सभेच्या बाईंनी विचारलं, साथीला कोण?
"माझी भाची. बास गिटार."
 तिकडून फार अदबीने, "अम्मा, आमच्या स्टेजवर गिटार कधी झाली नाहीं. मृदंग आम्हीच देतों."
"मग वीणाही तुम्हीच द्या," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.
मी भांडले. सहा वर्षांनी आलंय, जा, माझं काय, मी श्रोत्यांत बसेन. तिने वाटीतली बोटं पुसली.
"एकटी वाजवायला मला येत नाहीं का? येतं. नको आहे."
मला रडू आलं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

१२ ऑक्टो., रवि.
सभेचा फोन परत नाही आला.
मीच करावा का? आत्या मृदंगाबरोबर येईल, एवढंच सांगायचं. तिला कळायच्या आत ठरूनही जाईल. कळलं की महिनाभर बोलणार नाही, पण स्टेजवर तर बसेल. तिचं वय बघता पुढच्या वर्षावर काय ठेवायचं. सकाळपासून दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवून दिला. तिसऱ्यांदा काढला तर आत्या दारात.
"कोणाला करतीस?"
"कोणाला नाही."
"मग ये. केव्हाची कल्याणी राग घेऊन बसलें आहें, आणि खालीं सा धरायला कोणी नाहीं."
फोन पालथा ठेवला आणि गेले.