झाकणावरचं कुंकू

मंगळवार, संध्याकाळ

लॅपटॉप फारच हळू झाला होता, म्हणून आज खडेबाजारातल्या दुकानात नेला. नवाच घ्या, असं सगळे सांगतात. मला हाच हवा होता. का, ते कुणाला सांगितलं नाही.

दुकानदाराने मागची बाजू उघडली आणि हसला. "सर, पंख्यात तांदूळ हैत की ओ. कुंकू पण हाय. असं तापल्यावर मशीन पळतंय व्हय?"

दर खंडेनवमीला सुलभा शिलाई मशीन, विळी आणि माझा लॅपटॉप ओळीने मांडून पूजा करायची. लॅपटॉप उघडा ठेवायची. बंद वस्तूची कसली पूजा, म्हणायची. मग झाकण लावून वर एक बोट कुंकू.

"पूजा करा, पर मिटून करा," तो म्हणाला. तांदूळ त्याने फुंकून उडवले. पंखा साफ केला आणि शेवटी फडकं घेऊन झाकणावरचं कुंकू पुसायला लागला.

"ते राहू दे."

"का ओ? वैनी वरडतील व्हय?"

"हो."

हो का म्हणालो? ती गेली, एवढं सांगता आलं असतं. त्याने फडकं बाजूला ठेवलं, तेवढं पुरे.

आता लॅपटॉप लगेच सुरू होतो. कुंकू आहे तिथेच आहे, जरा फिकट झालंय. सुलभाला जाऊन वर्ष झालेलं नाही, त्यामुळे यंदा घरात खंडेनवमी नाही. पंखा स्वच्छ राहील.